आईचं इंग्रजी आणि रविवारची पंगत

“दिवाळी सरू द्या अप्पा, आईला स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडायला लागतील!”

शिवांजलीनं भर जेवणात ही घोषणा केली तेव्हा अप्पांच्या घशात भाकरीचा तुकडा असा अडकला, की आईनं आधी पाठीत धपाटा घातला आणि मग पाणी दिलं. शिवांजली यंदा दहावीला होती. गणपतीत शाळेच्या इंग्रजी भाषणस्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला फक्त चपला घालण्यापुरते लागत होते!

बाकी मामला थट्टेचा नव्हता. थोरली ताई शिवलीला डब्लिनला राहायची. जानेवारीत तिचं पहिलं बाळंतपण. कोल्हापुरातून तिच्याकडे एकच माणूस जाणार होतं, आणि ते कोण, यावरून घरात दोन पक्ष पडले होते.

“आक्काला धाडू,” अप्पा म्हणाले. आक्का म्हणजे अप्पांची मोठी बहीण. जयसिंगपुरात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. “मधी इमान बदलायचं असतंय. साहेब लोक इंग्रजीत इचारणार, कशाला आलाय, कुठं उतरणार. तू गप हुबी ऱ्हायलीस तर? तिथनंच म्हागारी लावतील की!”

“माझ्या लेकीचं बाळंतपण मी करणार!” आईनं परात आपटली. “आक्कास्नी इंग्रजी येतंय, डिंकाचं लाडू येत्यात काय? बाळाला काय व्याकरण पाजायचं हाय?”

शेवटी तह झाला. दिवाळीनंतरच्या रविवारी आक्का येऊन आईची तोंडी परीक्षा घेणार. पास झाली तर विमानात आई, नापास झाली तर आक्का.

शिवांजलीकडे योजना तयारच होती. इंटरनेटवर तिनं एक लेखनकट्टा शोधला होता. इंग्रजी शिकणारी मोठी माणसं तिथं जमायची. रोज चार ओळी लिहायच्या, बाकीच्यांनी त्या वाचून खाली प्रतिसाद द्यायचा, चुका हलक्या हातानं सुधारायच्या. कुणी कुणाला हसायचं नाही, हा नियम!

आईनं पहिल्या दिवशी डिक्शनरी मांडीवर घेऊन, घाम पुसत पुसत लिहिलं: मी भाकरी केली. नवऱ्यानं खाल्ली. तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही.

आणि काय सांगावं! आठवडी बाजारात टोमॅटो स्वस्त झाल्यासारखी झुंबड उडाली. त्रिशूरच्या रोझम्मानं लिहिलं, माझाही तसलाच आहे. कोइंबतूरच्या सेल्वमनं विचारलं, भाकरी दिसते कशी? कुणी भूतानहून, कुणी गुवाहाटीहून.

“अगं बया, एवढी माणसं दारात आली!” आई हरखली.

“दारात नाही गं, पोस्टवर.”

“तेच की! आलेल्या पावण्याला काय तसंच लावून द्यायचं?”

मग आई प्रत्येकाला उत्तर लिहायला लागली. रोज संध्याकाळी गच्चीत बसून एकेक अक्षर शोधायची आणि फोन शिवांजलीपुढं धरायची. “बरोबर हाय काय बघ गं.”

बघायचं शिवांजलीनं. पण ती वेळच मोठी घातक! गुऱ्हाळं नुकतीच पेटली होती. वाऱ्यावर उकळत्या रसाचा गोड वास यायचा, ढगांच्या कडांना काकवीचा रंग चढायचा, आणि शिवांजली गच्चीच्या कठड्यावरून अलगद उचलली जायची. ढगांमधून आई चालली आहे, इरकल साडी, हातात लाडवांचा डबा. विमानतळावरचे गोरे साहेब टोप्या काढून उभे. ‘मॅडम, इतकं सुंदर इंग्रजी तुम्हाला कुणी शिकवलं?’ आई लाजून सांगते, ‘माझ्या धाकटीनं!’ साहेबांच्या डोळ्यांत पाणी. मग डब्लिनच्या रस्त्यांवरून शिवांजलीची मिरवणूक, पुढे हलगी, वरून फुलं...

“बरोबर हाय काय?”

“अं? एकदम परफेक्ट!” शिवांजली ढगाला सांगायची, आणि आई बटण दाबायची.

असे कितीतरी ढग गेले.

परीक्षेच्या रविवारी आक्का दहाच्या ठोक्याला हजर झाली. सोफ्यावर अशी बसली, की सोफ्यानंही पाठ ताठ केली. “हं शांतादेवी, मी विमानतळावरची अधिकारी. सांग बघू, या देशात तू कशासाठी आलीस?” हे सगळं अर्थात इंग्रजीत.

आईनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. कोळणीच्या पाटीतल्या माशासारखं! चार ओळी लिहिणारी आई कुठल्या कुठं विरघळून गेली होती. फोनवर कुणी डोळे वटारत नाही ना!

“आई, बोल की! रोज लिहितीस ते!”

आईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. अप्पांनी मान खाली घातली. आक्कासुद्धा जरा मऊ झाली. “राहू दे गं. मी शिकून घेईन लाडू.”

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एकदा नव्हे, लग्नाच्या वऱ्हाडासारखा लांबलचक! शिवांजलीनं खिडकीतून पाहिलं. दारात टेम्पो ट्रॅव्हलर उभी. तिच्यातून माणसं उतरताहेत, उतरताहेत, संपतच नाहीत! पुढं गोल चेहऱ्याची एक बाई, हातात केळ्यांच्या वेफर्सची पिशवी. मागं भरघोस मिशा, त्या सेल्वमच्या.

“शांतादेवी?” बाई इंग्रजीत ओरडली. “मी रोझम्मा! आम्ही जेवायला आलो!”

शिवांजलीनं पहिल्यांदाच, अगदी पहिल्यांदाच, आईची उत्तरं वाचायला घेतली. वाचता वाचता तिच्या मिरवणुकीतली हलगी फुटली. प्रत्येक उत्तरात तेच! धन्यवाद. आमच्या घरी रविवारी जेवायला या. खाली पूर्ण पत्ता, पिनकोड, देवळाजवळून डावीकडे वळायची खूण.

“आई! हे काय लिहिलंस?”

“म्हणायचं असतंय की तसं!”

खरंच, आपल्याकडं म्हणायचंच असतं. ‘या की एकदा जेवायला!’ समोरच्यानं म्हणायचं ‘येऊ की!’ आणि मग कुणीच कुठं जायचं नसतं. पण हे त्रिशूरला कोण सांगणार? कट्ट्यावरच्या मंडळींचा गोव्याला मेळावा होता. एवढ्या प्रेमानं कुणी बोलावतंय म्हटल्यावर अख्खी गाडी आधी कोल्हापूरला वळली होती!

“आता काय करायचं?” अप्पांचा आवाज चिरकला. “पीठ तरी हाय काय एवढं?”

आणि तेव्हा आई बदलली. पदर खोचला. डोळे पुसायलाही थांबली नाही.

“शिवांजली, चटया टाक! अवो, दही आणा, वांगी आणा! आक्का, तुम्ही शेंगा कुटा!”

“मी?” आक्का म्हणाली.

“मग काय मी? माझं हात पिठात हाईत!”

आक्का मुकाट्यानं कुटायला बसली.

पंगत बसली. सेल्वमच्या मिशांना रश्श्यात तरंगणाऱ्या मटणाची स्वप्नं पडली होती. आईनं त्याच्यापुढं झुणका ठेवला. “आमच्यात चालत न्हाय. ह्ये खावा!” त्याला शब्द एक कळला नाही, पण आवाज कळला. त्यानं खाल्लं. मग ठेच्याला हात घातला आणि मिशा ताठ उभ्या राहिल्या!

“पाणी नगं! गूळ खावा, गूळ!” आईनं खडाच त्याच्या तोंडात कोंबला.

आक्कानं शेंगा कुटून झाल्यावर इंग्रजीत गप्पा सुरू केल्या. पण प्रत्येक घासाला ती कुणाच्या तरी वाक्यातला काळ दुरुस्त करायची, त्यामुळं पाहुणे गोगलगायीसारखे आत जायचे. आई भाकरी घेऊन आली, की परत बाहेर!

“वाढू?”

“वाढू?” रोझम्मानं नुसतंच परत म्हटलं.

“तसं न्हवं. म्हणायचं, वाढा की!”

“वाढा की!”

“शाब्बास! आनी पोट भरलं की म्हणायचं, बास की!”

सबंध पंगत एका सुरात ‘वाढा की, वाढा की’ म्हणू लागली. भूतानच्या माणसानं तर ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ इतक्या झोकात म्हटलं, की तो शिरोळचाच वाटावा. उन्हं कलती झाली, गुळाचा वास घरात शिरला, गाडी हलली, आणि खिडक्यांमधून हात आले, “येतू की!”

घर शांत झालं. आईनं दिवसभरात इंग्रजीचा एकही शब्द उच्चारला नव्हता.

“निकाल?” तिनं हळूच विचारलं.

“शून्य,” आक्का म्हणाली. प्रामाणिक बाई! मग ढेकर देऊन पुढं म्हणाली, “पण अप्पा, तिलाच पाठव.”

“आगं, पण इमानतळावरच्या साहेबांचं काय?”

“त्यांचं मला माहीत नाही. एका दुपारीत आपली भाषा शिकतील बिचारे!”

अप्पा आईकडं बघून जन्मात पहिल्यांदा जेवणाबद्दल बोलले. “झुणका झ्याक झालता.” आई मात्र डिंक शोधायला निघालीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी शिवांजलीनं मोठ्या आशेनं कट्टा उघडला. आईच्या इंग्रजीचं श्रेय आपल्यालाच मिळणार, असं तिला रात्री स्वप्न पडलं होतं. पहिली पोस्ट रोझम्माची होती, ‘जेवलीस काय गं?’ खाली सेल्वम, ‘व्हय की!’ त्याखाली आख्ख्या ट्रॅव्हलरचं ‘बास की!’ आणि सगळ्यांत शेवटी संयोजकांची सूचना, इथं कृपया फक्त इंग्रजीतच लिहावं.

शिवांजलीच्या शिकवणीला शंभर टक्के यश आलं होतं. फक्त विषय तेवढा चुकला होता!