ज्यात मी शेवट सांगून टाकतो

केळकर काका घरी नसले की त्यांच्या आन्सरिंग मशीनवर ऐकू येतं, "प्रकरण पहिले, ज्यात फोन करणाऱ्याची निराशा होते, पण तो सज्जन असल्याने निरोप ठेवतो."

काका म्हणजे वेस्ट विंडसरमधले आमचे शेजारी, रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक विटेएवढी जाड विनोदी कादंबरी त्यांच्या अंगात इतकी भिनलेली, की तिच्या प्रकरणांच्या लांबलचक मथळ्यांसारखंच ते बोलायचे. माझी गाडी बर्फात रुतली, तेव्हा धक्का मारण्याआधी ते खिडकीतून ओरडले होते, "प्रकरण चौथे, ज्यात नायक नागपूरचा असल्याचं सिद्ध होतं!"

काकू गेल्या त्या हिवाळ्यात त्यांनी मला ती कादंबरी वाचून दाखवायला घेतली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, चहा-चिवड्याबरोबर, एकच भाग. सातव्या शनिवारी तर लठ्ठ नायक कुंपणावर अडकलाय, मागून बैल येतोय, आणि काकांनी पुस्तक मिटलं.

"काका, अहो बैल!"

"थांबेल बैल. हे पुस्तक असंच महिन्याला एक भाग छापून यायचं. लोक थांबायचे. तुम्हा आयटीवाल्यांनाच मेली घाई."

सात महिने थांबलो. मग लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि एका वीकएंडला संपवलं. हुशारी लपवणं मला जन्मात जमलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या शनिवारी बूट काढता काढताच बोललो, "काका, तो शेवटी त्या मेणबत्तीवाल्या विधवेशी लग्न करतो!"

काकांनी चष्मा काढला. माझ्यासमोर चिवड्याची वाटी ठेवली.

"ठाऊक आहे रे. कॉलेजपासून चारदा वाचलंय."

"मग महिन्याला एकच भाग कशाला?"

"वीस भाग आहेत," काका चष्म्याची काच पुसत म्हणाले. "सात झाले. अजून तेरा शनिवार तू आला असतास."

मी चिवड्याची वाटी पुढे ओढली.

"काका," मी म्हणालो, "मी फक्त शेवटचं पान वाचलं. त्या बैलाचं काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, चष्मा चढवला आणि खूण घातलेलं पान उघडलं.

"प्रकरण एकविसावे," ते म्हणाले, "ज्यात नायक सपशेल खोटं बोलतो."

आणि वाचू लागले. त्या दिवशी मात्र काकांनी अर्ध्याच भागावर पुस्तक मिटलं; उरलेला अर्धा पुढच्या महिन्यात.