वच्छलाबाईंचे मांडे : नव्याण्णववरून पंचावन्न

"या आखाजीला पिंप्राळ्यात कागदी पत्त्याला कोणी हातसुद्धा लावणार नाही, लिहून ठेवा!" मगनने सलूनच्या खुर्चीत, गालाला साबण लावलेला असताना जाहीर केलं. न्हाव्याने घाईघाईने वस्तरा मागे घेतला. मगन बोलायला लागला की मान आणि दोन्ही हात त्याच्या बरोबरीने बोलतात, आणि न्हाव्याला पोलिसांचं लफडं नको होतं.

आता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगावं लागतं. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी आमरस आणि मांडे, म्हणजे हातांवर फिरवून मातीच्या खापरावर भाजलेल्या पातळ पुरणपोळ्या, होतात. आणि पुरुषांना? पुरुषांना वर्षातून एकदा उजळ माथ्याने पत्ते कुटायची मुभा! जी आई एरवी पत्ते दिसले की चुलीत घालते, तीच त्या दिवशी पोराच्या डावापाशी चहाचा कप आणून ठेवते.

या पवित्र परंपरेत मगनने सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर घुसवला. जळगावच्या या पिंप्राळ्यात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. तीन कॉम्प्युटर होते, त्यातले दोन सुरू व्हायचे. हिवाळाभर खपून त्याने पत्त्यांचा एक खेळ तयार केला. त्यात राजा-राणी-गुलाम नव्हते. प्रत्येक पत्त्यावर ओळखीपाळखीतली एकेक खरीखुरी सुगरण होती, आणि तिच्या नावापुढे चार गुण : मांडे, भरीत, पापड आणि आवाज. समोरच्याच्या पत्त्यापेक्षा आपल्या पत्त्याचा आकडा मोठा, की त्याचा पत्ता आपल्या फ्लॉपीत! फ्लॉपी घेऊन यायचं, पत्ते जिंकायचे, जमवायचे, अदलाबदल करायची. सरकारी कचेरीतले कारकून फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून, छाती पुढे काढून यायला लागले.

पहिल्या बारा पत्त्यांत सगळ्यात भारी पत्ता होता वच्छलाबाईंचा. मांडे : नव्याण्णव! वच्छलाबाई एरंडोलच्या, आणि मगनच्या सख्ख्या सासूबाई. लग्नाला जेमतेम वर्ष झालेला जावई सासूला याहून कमी गुण देईल, तर त्याला कॉम्प्युटरच काय, साधी सायकलही चालवायला देऊ नये. तरी मगनने ते उगाच दिले नव्हते. स्वतःच्या लग्नात त्याने ते मांडे खाल्ले होते. साडीच्या घडीसारखे मऊ, आरपार उजेड दिसेल इतके पातळ! अकरा खाऊन पंगतीतून उठताना त्याला धरून उठवावं लागलं होतं.

पण नेमकी तिथेच माशी शिंकली. वच्छलाबाईंचा पत्ता लागला चिंधाच्या हाती. चिंधा हा एरंडोलहून रोज एस.टी.ने जळगावला नोकरीला येणारा कारकून. त्याने महिनाभरात त्या एका पत्त्यावर अख्ख्या क्लासची धूळधाण केली. आखाजीच्या दोन दिवस आधी मगनने बारा नवे पत्ते काढले, तर कोणी ढुंकून बघेना!

"घेऊन करायचं काय मगनभाऊ? चिंधा मांडे म्हणणार आणि घेऊन जाणार!"

मगनने रात्रंदिवस विचार वगैरे केला नाही. उभ्या उभ्या केला. तो कीबोर्डाशी बसला आणि जुन्या पत्त्यांचे गुण बदलले. वच्छलाबाईंचे मांडे नव्याण्णववरून पंचावन्न. त्यांच्याच गावच्या भागाबाईंचे मांडे सत्तरवरून ऐंशी. आणि सासूबाईंवर अन्याय नको, म्हणून भरपाई केली : आवाज साठवरून पंच्याऐंशी! आपण किती न्यायी आहोत, या विचाराने त्याचं त्यालाच भरून आलं.

सुनंदा, म्हणजे त्याची बायको, आखाजीसाठी माहेरी गेलेली होती. नाहीतर तिने त्याचे हात धरले असते.

दुसऱ्या दिवशी चिंधाने फ्लॉपी घातली, "मांडे!" म्हणून मांडी थोपटली आणि पडद्याकडे बघतच राहिला. चिंधाचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या नावावरचा सातबारा कोणी त्याच्या डोळ्यांदेखत फाडला.

"पंचावन्न? काल नव्याण्णव होते! एका रात्रीत बाईचा हात कसा बिघडतो?"

"अरे, खेळाचा तोल साधायला..."

चिंधाला तोल नको होता. त्याला पुरावा हवा होता. त्याने वच्छलाबाईंचे पंचावन्न आणि भागाबाईंचे ऐंशी एकाच कागदावर छापून घेतले, कागदाच्या चार घड्या केल्या आणि पाचच्या गाडीने एरंडोलला गेला.

त्या काळात एरंडोलला कॉम्प्युटरच्या कागदाला काय मान होता म्हणता! लाइटचं बिल कॉम्प्युटरने यायचं, जत्रेत पत्रिका कॉम्प्युटरने जुळायची. माणसाने सांगितलेल्यावर शंका, पण कडेला भोकं असलेला कागद म्हणजे ब्रह्मवाक्य! चिंधाने तो कागद पानटपरीवर दाखवला, आणि तिथे उभे होते धनसिंग नाना. नानांच्या मुलीचं लग्न आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी, आणि तीनशे मांड्यांची सुपारी वच्छलाबाईंना दिलेली.

"मीच इतले दिन येडा बननू," नाना कागद उजेडात धरून म्हणाले. "कॉम्प्युटरले काय नातंगोतं शे? तो कसाले खोटं बोली?"

आणि मांड्यांची सुपारी गेली भागाबाईंकडे!

आखाजीच्या सकाळी क्लासचा फोन वाजला. पलीकडे मगनचे सासरे, कौतिक आबा.

"जावईबापू? मी कौतिक बोली राहिनू."

"आबा! काय म्हणते आखाजी?"

"आखाजीनं काय पुसतस! तुमनी सासूनी सकायपासून पानीबी घेयेल नही. पंचावन, जावईबापू! पंचावन!"

"ब्लडप्रेशर पंचावन्न?" मगन उडालाच. "आबा, आधी डॉक्टरकडे न्या!"

"मांडा! मांडा पंचावन! तुमना डबानी छापी धाडं!"

"अहो, ते होय!" मगनच्या जिवात जीव आला. "ते तर मीच केलंय!"

"तुम्ही?"

"हो! खेळाचा तोल साधायला लागतो आबा. पण आईंना म्हणावं काळजी करू नका, त्या बदल्यात त्यांचा आवाज पंच्याऐंशी केलाय!"

"तो माले आठे आयकू येई राहिना," आबा खोल आवाजात म्हणाले. "तुमलेबी येत व्हई."

येत होता. घराच्या भिंतीपलीकडून, आबा बोलत होते त्या शेजारच्या एस.टी.डी. बूथच्या काचेतून, बत्तीस किलोमीटर तारेतून स्पष्ट येत होता. मगनला वाटलं, पंच्याऐंशी जरा कमीच दिले.

"आनि आयका," आबा म्हणाले, "हाऊ डाग धुवाई जात नही, तोपर्यंत सुनंदा जळगावले येवाव नही. असं तुमनी सासू म्हनस."

मगनने रिसीव्हर ठेवला. आठ दिवस तो खानावळीत जेवत होता. पाण्यासारखी डाळ आणि डाळीसारखं पाणी! तेही सुनंदा येणार म्हणून गोड मानून घेत होता. घर खायला उठलं होतं. खरं सांगायचं तर त्याला तिची फार आठवण येत होती, पण हे तो कोणाला सांगणार?

नुसता कागद छापून नेला तर लोक म्हणतील, जावयाने सासूसाठी खोटा छापला. कॉम्प्युटरनेच चारचौघांसमोर बोलायला हवं! मगनने जुने आकडे परत बसवले, एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर उचलला, गोधडीत गुंडाळला आणि एस.टी.त चढला.

"पेशंट शे का?" कंडक्टरने गोधडीकडे बघून विचारलं.

"नाही, कॉम्प्युटर आहे."

कंडक्टरने लगेच पुढचं बाक रिकामं करून दिलं. पेशंटसाठी एवढं केलं नसतं.

कौतिक आबांच्या अंगणात खाटेवर कॉम्प्युटर मांडला, शेजारून वायर ओढली. अर्धं एरंडोल लोटलं! एकाने कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं. दुसरा विचारत होता, याले कापूसना भाव समजस का. पहिल्या रांगेत धनसिंग नाना, त्यांच्याकडे लग्नाला आलेले धुळ्याचे आणि फैजपूरचे पाहुणे, आणि एका बाजूला, पदर खोचून, भागाबाई. वच्छलाबाई दारात पाठमोऱ्या बसलेल्या. जावयाचं तोंड बघायचं नाही असं ठरलेलं.

मगनने बटणं दाबली. प्रिंटर असा किंचाळला की दोन म्हाताऱ्या मागे सरकल्या. कागद बाहेर आला. चिंधाने तो हिसकावून मोठ्याने वाचला :

"वच्छलाबाई. मांडे : नव्याण्णव!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. "भागाबाई, मांडे : सत्तर," चिंधाने पुढचं वाचलं, आणि भागाबाई ताडकन पुढे आल्या.

"काल ऐंशी, आज सत्तर? मंग हाऊ डबा काल खरा व्हता का आज?"

"हाई बराबर बोलनी," नाना मान हलवत म्हणाले. सगळ्या माना मगनकडे वळल्या. सत्य सांगावं, तर जावयाने आकडे मनाने बसवले हे उघड होणार. मग सासू गेली, सुपारी गेली आणि बायको तर गेलीच!

"व्होल्टेज!" मगन ओरडला. "काल व्होल्टेज कमी होतं!"

"हां!" अख्ख्या अंगणाने एकदम श्वास सोडला. व्होल्टेज कमी असल्यावर काय काय होतं, हे एरंडोलला कोणी शिकवायला नको होतं.

"मन्ही मोटारबी परवा अशीच जळनी!" नाना म्हणाले. त्यांनी नारळ मागवला आणि तिथल्या तिथे सुपारी पुन्हा वच्छलाबाईंच्या ओटीत घातली. भागाबाई मात्र गेल्या नाहीत. त्या मगनसमोर तशाच उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने निमूटपणे त्यांचं भरीत नव्याण्णव करून दिलं. मग धुळ्याचा पाहुणा उठला : माझ्या पुतणीचं लग्न ज्येष्ठात, चारशे मांडे. फैजपूरचा उठला : आमच्याकडे पाचशे! ज्याच्या घरात लग्नाची पोर नव्हती, तोही बारशाचं बोलून ठेवू लागला.

मगन खाटेवर राजासारखा बसला होता. आता जेवायचं, सुनंदाला घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने जळगाव! तेवढ्यात वच्छलाबाईंनी त्याला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"दार लोटी ल्या," त्या म्हणाल्या. आवाज दहासुद्धा नव्हता. "जावईबापू, एक पुसू? खरं सांगा. त्याले कसं समजनं?"

"कोणाला, आई?"

"तुमना डबाले. पंचावन. तुम्ही फोनवर 'मीच करं' म्हनं, पन माले ते खरं वाटनं नही."

त्यांनी पदर बाजूला केला. दोन्ही मनगटांना हळदीची फडकी घट्ट बांधलेली. "दोन वरीस व्हयनात. मन्हा हातवर मांडा फिरत नही, फाटी जास. पंचावनबी जास्तीच शेतस! कोनलेच माहीत नही. तुमना डबानी जळगावमा बशीसन वळखं. मी तं घाबरी गऊ!"

मगन तिथेच पाटावर बसला.

"मग माझ्या लग्नातले मांडे? ते अकरा?"

वच्छलाबाईंनी हनुवटीने चुलीकडे दाखवलं. खापरापुढे सुनंदा उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे, आणि त्या हातांवर एक मांडा चांदण्यासारखा पसरत चाललेला. तिने तो अलगद खापरावर टाकला आणि मगनकडे बघितलं.

"स्वतःच्या लग्नाचे मांडे तू स्वतः केलेस?"

"पहाटे उठून. हळद लागलेल्या हातांनी. म्हणून तर रंग चांगला आला होता."

"आणि मला वर्षभर एक शब्द नाही?"

"तुम्ही विचारलं का कधी? गॅसच्या शेगडीवर काय खापर ठेवू?"

"पोर सासरले गयी, तवयपासून मी आर्डरच लिधी नही," वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "कवय ताप सांगं, कवय उपास. आते पोर आखाजीले येवाव म्हनीसन नानाले हा म्हनं. नाव मन्हं शे, हात तिना शे. हाई गोष्ट या घरना बाहेर जावाले नको, जावईबापू."

म्हातारीचं अख्खं आयुष्य त्या नावात होतं, आणि त्याने ते दोन बोटांनी पुसलं होतं. तो उठला आणि वाकून तिच्या पाया पडला. मनापासून पडला. आणि वाकलेला असतानाच त्याच्या डोक्यात हिशेब उजाडला.

नानांचे तीनशे. धुळ्याचे चारशे. फैजपूरचे पाचशे. वर बारशी!

"म्हणजे सुनंदा..."

"आषाढ लागेपर्यंत इथेच," सुनंदा म्हणाली. "दुसरं कोण करणार? तुम्हीच तर आत्ता अख्ख्या गावासमोर नव्याण्णव छापलेत."

मगनने दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. खाटेवर कॉम्प्युटर अजून सुरू होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "पंच्याहत्तर केले तर? फक्त एवढे दोन महिने?"

"पंच्याहत्तर?" आणि आता मात्र वच्छलाबाईंचा आवाज पुन्हा पूर्वपदावर आला. खुंटीवरचं उलथनं खाली पडलं.

मगनने गोधडी उचलली. निघताना सुनंदा पिठाच्या हातांनीच दारापर्यंत आली. त्याचा पडलेला चेहरा बघून तिलाही हसू आवरेना.

"पिठलं येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग लागा शिकायला. आषाढात आले की मी गुण देईन. आणि ते व्होल्टेजने बदलणार नाहीत!"