पांढऱ्या गिटारवरची पाच बोटं

खंडेनवमीच्या सकाळी महारुद्र यांनी आपल्या सुनेच्या पांढऱ्याशुभ्र गिटारवर ओल्या हळदीची पाच बोटं उमटवली, तेव्हा त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते ओघात होते. ओसरीवर सतरंजी अंथरून घरातली सगळी हत्यारं मांडली होती. कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने, फवारणीचा पंप, पत्नी लक्ष्मीबाईंचं शिलाई मशीन, मुलगा रणधीर याचा लॅपटॉप. ट्रॅक्टर दारात उभा होता. महारुद्र प्रत्येक वस्तूवर पाच बोटं उमटवून, कुंकवाचा टिळा लावून पुढं सरकत होते. लॅपटॉपला त्यांनी बेतानं नुसता टिळा लावला, कारण मागच्या वर्षी बटणांच्या फटीत हळद गेली होती आणि रणधीर दिवाळीपर्यंत बोलला नव्हता. लॅपटॉपनंतर गिटार आली आणि हात थांबला नाही.

गिटार तिथवर आली हीच मुळात मोठी गोष्ट होती. हर्षाली लग्न होऊन येरमाळ्याला आली त्याला आठ महिने झाले होते. कळंबच्या एका शाळेत ती संगीत शिकवायची, आणि संध्याकाळी घरी आली की खोलीचं दार लावून गिटार वाजवायची, तीही अगदी हळू, सासऱ्यांना त्रास नको म्हणून. सासऱ्यांना त्रास होत नव्हता. उलट नीट ऐकू यावं म्हणून ते आपली बाज तिच्या खिडकीखाली सरकवत सरकवत पार भिंतीला टेकले होते. पण हे सुनेला सांगायचं कसं? आठ महिन्यांत दोघांमधलं बोलणं "मामा, चहा ठेवू का?" आणि "ठिव" याच्या पलीकडं गेलं नव्हतं. म्हणून त्या सकाळी त्यांनी ओसरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ज्याचं जे हत्यार हाय ते त्यानं आणून ठिवा. कुणाचं ऱ्हायला नको." मग हर्षाली गिटार घेऊन बाहेर आली आणि तिनं ती फवारणीच्या पंपाशेजारी ठेवली. महारुद्रांना इतका आनंद झाला की बोटं जरा जास्तच दाबली गेली.

हर्षाली नुसती हसली. त्या संध्याकाळी मात्र गिटार वाजली नाही. दसऱ्याला वाजली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती चार दिवसांसाठी भूमला माहेरी गेली. एरवी माहेरी जाताना पाठीला गिटारची पिशवी असायची. या वेळी पिशवी खुंटीवर राहिली आणि गिटार बैठकीच्या कोपऱ्यात उभी राहिली.

"टाकून गेली ती," महारुद्र म्हणाले.

"आवो, इसरली आसंल," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"हत्यार कोण इसरतं का?"

"मग फोन करून इचारा की तिला."

"काय इचारू? तुझ्या वस्तूचं म्या वाटोळं केलं, तुला राग आला का, आसं?"

लक्ष्मीबाईंना या प्रश्नाची याहून बरी मांडणी सुचली नाही. त्या शेंगा फोडत बसल्या. महारुद्र मात्र बसणाऱ्यातले नव्हते. पोरगी आठ महिन्यांनी खोलीबाहेर आली होती, आणि आपल्या बोटांनी तिला परत आत लोटलं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. ती यायच्या आत गिटार होती तशी करायची, असं त्यांनी ठरवलं.

चकाकीच्या बाबतीत ते काही नवखे नव्हते. त्यांचा ट्रॅक्टर अकरा वर्षांचा होता, पण आदल्या दिवशी शोरूममधून आणल्यासारखा दिसायचा. तो पुसायची फडकी ठरलेली होती. बॉनेटला जुनं धोतर, चाकांना बनियन, आणि दिव्यांच्या काचांना लक्ष्मीबाईंची एक मऊसूत साडी, जी लक्ष्मीबाई अजून कपाटात शोधत होत्या. महारुद्रांनी धोतराचं फडकं ओलं केलं आणि गिटार पुसली. वाळलेली हळद आणि कुंकू निघून गेलं. खाली पाच बोटं पिवळीजर्द राहिली. आता ती गिटार पूजेतलीही दिसेना आणि दुकानातलीही दिसेना.

रणधीरनं लातूरच्या एका वाद्यांच्या दुकानाचा नंबर शोधून दिला, "माझं नाव यात घेऊ नका," असं सांगितलं आणि तो शेताकडं निघून गेला. महारुद्रांनी फोन लावला. वही-पेन घेऊन बसले.

"फिनिश कोणतं आहे काका? ग्लॉस का मॅट?" दुकानदारानं विचारलं.

"तोंड दिसतं त्यात."

"म्हणजे ग्लॉस. डाग कशाचा आहे?"

"हळदीचा."

"गिटारला हळद कशी लागली?"

"खंडेनवमी व्हती."

"हां," दुकानदार म्हणाला. तोही इकडचाच होता. "आम्ही वाद्याच्या पिशवीवर लावतो काका, वाद्यावर नाही."

मग त्यानं सगळं नीट सांगितलं. आधी कोरड्या फडक्यानं धूळ झटकायची, नाहीतर धुळीनंच चरे पडतात. फडकं मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं, शिवण आणि गुंडी नसलेलं. पॉलिश गिटारचंच हवं, आणि ते फडक्यावर घ्यायचं, गिटारवर ओतायचं नाही. मेण नको, सिलिकॉन नको, अल्कोहोल तर नकोच. अल्कोहोल आमच्या घरात कुणी घेत न्हाय, असं महारुद्रांनी त्याला खात्रीनं सांगितलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "आणि काका, गाडीचं पॉलिश अजिबात लावू नका." गिटारचं पॉलिश मागवलं तर यायला पाच दिवस लागणार होते. हर्षाली चार दिवसांत येणार होती.

महारुद्रांनी वही दोनदा वाचली. मग लक्ष्मीबाईंना म्हणाले, "गाडीचं नको म्हनला त्यो. ट्रॅक्टरचं कायबी म्हनला न्हाय."

तरी त्यांनी घाई केली नाही. आधी हायवेवर गाड्या रंगवणाऱ्या बिभीषणला बोलावून घेतलं. बिभीषणनं गिटार उजेडात धरली, डागावर नख फिरवलं आणि निदान केलं, की हळद वरच्या थरात मुरली आहे, तेव्हा थरच थोडा उतरवायला लागेल. त्यानं डबीतून रंग घासून उतरवायचं रबिंग कंपाउंड काढलं. महारुद्रांनी ते वहीत लिहिल्याप्रमाणे फडक्यावर घेतलं, गिटारवर ओतलं नाही. अर्ध्या तासात पाचही बोटं गेली. त्यांच्या जागी तळहाताएवढा एक धुरकट पट्टा आला, फुंकर मारलेल्या आरशासारखा.

"ते काय, पॉलिश मारलं की जातंय," बिभीषण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचं पॉलिश निघालं. ते मेणाचं होतं, हे डबीवर लिहिलेलं होतं, पण डबी हिंदीत आणि वही मराठीत असल्यानं महारुद्रांनी दोन्हींचा संबंध लावला नाही. पट्टा गेला. तिथं इतकी चकाकी आली की बाकीची गिटार मळकी दिसायला लागली. मग उरलेली पुढची बाजू घेणं भागच होतं. तारांखालून फडकं घालून, दोन्ही टोकं धरून, अंघोळीनंतर पाठ पुसावी तसं त्यांनी ते मागं-पुढं ओढलं. संध्याकाळी बिभीषण बघायला आला आणि म्हणाला, "अण्णा, फुडची बाजू झाली, पर मागची उघडी पडली की." तिसरा दिवस मागच्या बाजूत गेला. चौथ्या दिवशी सकाळी दांडा राहिला होता, तोही झाला. लक्ष्मीबाईंना त्यांची साडी सापडली, पण ती परत घेण्यासारखी राहिली नव्हती.

दुपारच्या एसटीनं हर्षाली आली. पाय धुऊन बैठकीत आली आणि कोपऱ्यात बघून थबकली. महारुद्र वर्तमानपत्र धरून बसले होते. ते उलटं नव्हतं, पण परवाचं होतं.

तिनं गिटार उचलली. वळवून बघितली, परत सरळ केली. मग खुर्चीवर बसून मांडीवर घेतली, तर गिटार मांडीवरून घसरली. तिनं ती वर ओढली, गिटार परत घसरली. तिसऱ्यांदा तिनं दांडा पकडला, तर हातच वरपासून खालपर्यंत एका दमात आला.

"मामा," ती म्हणाली, "बोटं कुठं गेली?"

"काढली," महारुद्र म्हणाले. आठ महिन्यांतला हा त्यांचा पहिला नवा शब्द होता, म्हणून त्यांनी पुढं जोडलं, "लई तरास दिला त्यांनी. पर काढली."

हर्षालीनं गिटार मांडीवर आडवी घट्ट धरली. मग म्हणाली, "मी ती बोटं जपून ठेवली होती मामा. वाजवताना नेमका तिथंच हात घासतो, म्हणून गिटार वाजवली नाही. पिशवीत घातली असती तर बोटं पुसली गेली असती, म्हणून इथं ठेवून गेले. माहेरी सगळ्यांना फोटो दाखवले. आमच्या घरात माझ्या गिटारची कुणी कधी पूजा केली नव्हती. बाबा तर तिला खोकं म्हणतात."

महारुद्रांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आपण चार दिवस जीव तोडून नेमकं काय पुसलं, हे त्यांना आता कळलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. लक्ष्मीबाई दारात उभ्या होत्या. "फोन करून इचारा म्हनलं व्हतं," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांना पाहून महारुद्रांना ते ऐकू आलं.

हर्षाली उठून आत गेली. वाटीत हळद कालवून आणली आणि त्यांच्यापुढं धरली. "परत उमटवा," ती म्हणाली.

महारुद्रांनी वाटीकडं बघितलं, गिटारकडं बघितलं आणि हात मागं घेतला. "आसं चालत न्हाय पोरी," ते म्हणाले. "ग्लॉस फिनिश हाय. हळद वरच्या थरात मुरती." मग त्यांनी वही काढली आणि सुनेला फडक्याच्या शिवणीपासून सिलिकॉनपर्यंत सगळं समजावून सांगितलं. तेवढं ते लग्नात विहिणीशीसुद्धा बोलले नव्हते. हर्षालीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे दोन प्रश्नही विचारले. मग वाटी परत पुढं केली.

"माझं हत्यार हाय ना मामा? मग मुरू द्या."

यावर वहीत काही नव्हतं. महारुद्रांनी बोटं हळदीत बुडवली, पूर्वीचीच जागा नीट बघितली आणि दाबली. हात उचलला. पाच बोटं क्षणभर दिसली. मग त्यांचे थेंब झाले आणि ते एकामागून एक घरंगळत सतरंजीवर आले. गिटार जशीच्या तशी पांढरी. त्यांनी परत लावली, परत घरंगळली. तीन दिवसांचं मेण होतं. त्याच्यावर पावसाचं पाणीही टिकत नाही, हे महारुद्र गावात अभिमानानं सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टीच होती. सासरा आणि सून सकाळपासून ओसरीवर समोरासमोर बसून कोरड्या सुती फडक्यांनी मेण उतरवत होते. पुढची बाजू तिच्याकडं आणि दांडा त्यांच्याकडं होता. मधेच फडकं बाजूला ठेवून ती एखादी तार छेडून बघायची, आणि ते दांडा पुसायचे थांबून ऐकायचे. दार उघडं होतं, खिडकीखालची बाज रिकामी होती. बिभीषण मोटारसायकलवरून चालला होता. तो थांबला.

"अण्णा, आता काय काढताय?"

"पॉलिश."

"एवढं झ्याक आलं व्हतं की. कशाला काढताय?"

महारुद्रांनी फडकं उलटं करून कोरडी बाजू घेतली.

"डाग पाडायचाय," ते म्हणाले.