पाटी दिसते हो, पण...

माझं शिवणाचं दुकान मी स्वतः फोनच्या नकाशावर चढवलं! कुणालाही न विचारता! आता भाजीवालीपासून पाणी सोडणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये इंटरनेट आलंय. पत्ता विचारायला माणूस लागतो कुणाला? शिवाय दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मोठ्या बाई येणार होत्या. अख्ख्या शाळेचे गणवेश! ते काम हुकलं, तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

"अगं, एकदा तपासून तरी बघ," हे म्हणाले.

"तुम्ही आधी तुमचा चष्मा शोधा!"

सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, ते शेळी घेऊन.

"डॉक्टर, ही दोन दिवस खात नाही."

"अहो, हे शिवणाचं दुकान आहे! पाटी दिसत नाही का?"

"पाटी दिसते हो. पण फोन म्हणतो, गुरांचा दवाखाना इथंच."

मागून आणखी शेळ्या, दोन कुत्री, काखेत कोंबडा धरलेल्या एक आजी. पटावं म्हणून मी मशीन चालवून दाखवलं.

"बघा, टाकेसुद्धा घालतात!" आजी कौतुकानं म्हणाल्या.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत. नकाशावर दोन्ही खुणा अगदी चिकटून. माझ्या जाड अंगठ्यानं त्यांची अदलाबदल केली होती! मोठ्या बाईंना घाईघाईनं फोन लावला.

"मी केव्हाची आलेय," त्या म्हणाल्या. "नंबर लावून बसलेय. माझ्यापुढे एक म्हैस आहे."

"बाई, तिथून उठा!"

"नंबर सोडून? रांगेत राहा म्हणून रोज ओरडते, त्या मुलांना काय तोंड दाखवू?"

गळ्यातल्या टेपसकट मी धूम ठोकली. "डॉक्टर निघाल्या!" असा मागे ओरडा झाला आणि अख्खं दुकान माझ्यामागे निघालं. धापा टाकत पोचले, तर बाई दवाखान्याच्या दारातच बाकावर. त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं. अरुंद बोळ, त्यामुळे शेळ्या, कुत्री, कोंबडा सगळे एकामागे एक उभे. चिडीचूप!

"गणवेश तुम्हीच शिवायचे," बाई म्हणाल्या.

मला रडूच फुटलं.

"मापं मात्र सातवीपासून घ्या. आजवरचे सगळे शिंपी अर्ध्यातच पळाले. तुम्ही टिकाल."

काल सातवी आटोपली. टेप खिडकीबाहेर गेली, खडूची पूड केसांत आली, आणि एकाच्या छातीचं माप दुसऱ्याच्या कमरेला लागलं.

नकाशा मी अजून दुरुस्त केलेला नाही. शाळेतून आल्यावर शेळ्यांत जरा बरं वाटतं!