गायकवाड सिस्टरांचं गाव

गायकवाड सिस्टरांच्या कॉम्प्युटरला हात लावायचा असेल तर आधी बेसिनवर जाऊन साबणाने हात धुवावे लागतात. नुसते ओले करून चालत नाही. सिस्टर मागे उभ्या राहून बघतात आणि अंगठा राहिला असेल तर सांगतात. मी एकदा विचारलं, "सिस्टर, कॉम्प्युटरला कसलं इन्फेक्शन होणार?" त्या म्हणाल्या, "त्याला काय होत नाही. पण हात धुवायला गेलेला माणूस जरा थांबतो की. तेवढ्यात त्याची निम्मी घाई उतरते."

आमची बिल्डिंग जुळे सोलापुरात. सिस्टर तळमजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या करमाळ्याच्या. इथल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. उंची बेताची, चष्मा जाड आणि आवाज असा, की जिन्यातून धडधडत उतरणारा माणूस आपोआप सावकाश उतरायला लागतो. अशा बाईंना ड्रॅगनच्या गेमचा नाद आहे हे सांगून कुणाला खरं वाटत नाही. हा नाद त्यांच्या भाच्याने लावला. पुण्याला नोकरी लागल्यावर त्याने आपला जुना कॉम्प्युटर मावशीकडे ठेवला, गेमसकट. महिनाभराने फोन करून त्याने विचारलं, "मावशी, जागा अडवत असेल तर भंगारात देऊ का?" मावशी म्हणाली, "हात लावून बघ."

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो पाय मोडल्यामुळे. विजापूर रोडवर स्कूटर घसरली आणि पायाला प्लास्टर लागलं. कॉलेजात अकाउंट्स शिकवणारा मी, घरी बसून छताचे पोपडे बघायला लागलो. वरच्या मजल्यावरच्या व्यंकटेश येमूलला दया आली. तो टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनं करतो. त्याने माझ्या लॅपटॉपवर तोच गेम घालून दिला. बर्फाचे डोंगर, गावं, जादूटोणा, तलवारी. आपण एक पात्र व्हायचं आणि त्या मुलखात हिंडायचं. मला तो इतका आवडला की बायको जेवायला हाक मारायची आणि मी म्हणायचो, "थांब, गुहेत आहे."

मग मला मॉडचा शोध लागला. मॉड म्हणजे कंपनीने बनवलेल्या गेममध्ये बाहेरच्या हौशी लोकांनी घातलेली भर. कुणी नवे घोडे बनवतं, कुणी चांगला पाऊस, कुणी अख्खं नवीन गाव. सगळं फुकट. लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं मी दिसेल ते वाढून घेतलं. संध्याकाळी गेम चालू केला तर माझ्या वीराला डोकं नव्हतं. केस होते, पण ते खांद्यावर तरंगत होते. घोडा पाय वर करून हवेत चालत होता. गावात पाऊस पडत होता, तो घरांच्या आत. मग पडदा काळा झाला तो झालाच.

येमूलने ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, आता सिस्टरांकडंच जावा."

मी कुबड्या घेऊन लिफ्टने खाली गेलो. हात धुतले. सिस्टरांनी लॅपटॉप उघडला, चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय करून ठिवलंय?" रागावल्या की त्यांच्या बोलण्यात करमाळा येतो. "काय काय घातलं?"

"बरंच काही."

"बरंच म्हणजे? पेशंटनं काय खाल्लं विचारलं तर बरंच म्हणून चालतं का? आधी कुठलं, नंतर कुठलं?"

"सगळं एकदमच."

"नेटवर त्या मॉडच्या पानावर काय लिहिलं होतं ते वाचलं?"

"कुठल्या पानावर?"

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सोफ्यावर त्यांचं मांजर होतं, ते उठून आत गेलं.

त्या दिवशी मी चार गोष्टी शिकलो, आणि त्या कुठल्याही नवशिक्याला तोंडपाठ असाव्यात असं माझं मत आहे. सगळं काढून गेम जसा कंपनीकडून आला तसा पुन्हा घालायचा. मग आधी नुसताच खेळून बघायचा. "ताप किती आहे ते बघितल्याशिवाय गोळी देतात का? तसाच गेम नीट चालतोय का ते आधी बघायचं." मग एक मॉड घालायचा, एकच, आणि गेम चालू करून गावात एक चक्कर मारायची. ठीक चाललं तर दुसरा. मॉड फोल्डरमध्ये हाताने कोंबायचे नाहीत. त्यांना घालायला आणि काढायला एक वेगळा प्रोग्राम मिळतो, तो वापरायचा, म्हणजे काय कुठे गेलं ते कळतं.

"आणि दोन मॉडनी एकाच गोष्टीला हात घातला तर?" मी विचारलं.

"तर जो शेवटी येतो त्याचं खरं. म्हणून क्रम बघायचा. पट्टी बांधून मग जखम धुता का तुमी?"

सगळ्यात कडक नियम होता तो वेगळाच. खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढायचा नाही. आपण सेव्ह केलेल्या खेळात तो मुरलेला असतो, ओढून काढला की आतलं फाटतं. "जखम भरायच्या आत टाके काढणारा मी एकच डॉक्टर बघितला," सिस्टर म्हणाल्या. "नंतर तो राजकारणात गेला."

असं करत मी सुधारलो. प्लास्टरच्या त्या दिवसांत रोज दुपारी खाली जायचो. सिस्टर कडक भाकरीवर शेंगाचटणी आणि दही घालून द्यायच्या आणि माझा लॅपटॉप तपासायच्या. पण त्यांचा स्वतःचा खेळ मला फारसा बघायला मिळाला नाही. जे कळलं ते येमूलकडून. तो म्हणाला, "सर, इतकी वर्षं झाली, सिस्टर अजून पहिल्याच गावात आहेत."

हे ऐकून मला हसू आलं. त्या गेममध्ये पहिलं गाव म्हणजे एस.टी. स्टँड. तिथून पुढे जायचं असतं. मी सिस्टरांना विचारलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "हितली माणसं टाकून कुटं जाऊ?"

त्यांचे मॉडही तसेच होते. कुणी तलवारी घेतं, कुणी चिलखतं. सिस्टरांनी धर्मशाळेत जास्तीचे पलंग घेतले होते. जाड पांघरुणं घेतली होती. गल्लीत कंदील घेतले होते, म्हातारी माणसं अंधारात पडू नयेत म्हणून. आणि एक मॉड असा होता की गावातलं कुणीच मरणार नाही. ड्रॅगन आला की बाकीचे खेळाडू धनुष्य घेऊन धावतात. सिस्टर सगळ्यांना धर्मशाळेत घेऊन कडी लावायच्या. कंटाळून ड्रॅगन निघून जायचा.

एकच गूढ होतं. संध्याकाळी दिवे लागले की सिस्टरांचं दार बंद. बेल वाजवली तरी उघडत नसत. माझी बायको म्हणायची, "मालिका बघत असतील. कबूल करायला लाजतात."

मग दिवाळीच्या सुट्टीत भाचा येऊन गेला. माझं प्लास्टर तेव्हा अजून होतंच. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात सिस्टर. त्या याआधी कधी आमच्या घरी आल्या नव्हत्या. आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, गाव गेलं."

मला वाटलं करमाळ्याला काही झालं. बायकोने पाणी आणलं. हळूहळू कळलं. मावशीचा कॉम्प्युटर जुनाट झालाय म्हणून भाच्याने प्रेमाने सगळं अपडेट करून दिलं होतं. गेमसुद्धा. आता गेम नवा आणि मॉड जुने. सेव्ह उघडायला गेलं की एक ओळ येत होती आणि पडदा बंद होत होता.

"पोराला काय बोलले नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याला वाटलं मावशीला बरं वाटंल."

बायकोने आणलेलं पाणी तसंच राहिलं होतं. ते पाहून मी येमूलला फोन केला. त्याने कारखान्यात सुट्टी टाकली.

आम्ही दोघांनी न सांगता हात धुतले. येमूल खुर्चीवर बसला, मी बाजूला पाय लांब करून. सिस्टर मागे. आम्ही एकेका मॉडचं पान उघडून वाचत गेलो. बहुतेकांची नवी आवृत्ती आलेली होती. अडलं एका ठिकाणी. माणसांना मरू न देणारा मॉड ज्याने बनवला होता, त्याने ते काम केव्हाच सोडलं होतं. नव्या गेमवर तो चालणार नव्हता.

येमूल मान न वळवता म्हणाला, "सिस्टर, तेवढा एक काढू या का? बाकी गाव उघडंल."

"आणि ड्रॅगन आला की?" सिस्टर म्हणाल्या. "कोण राहील त्यातलं?"

येमूलने माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मग आपणच मागं जाऊ." म्हणजे गेमच पुन्हा जुना करायचा. जुनी आवृत्ती उतरवून घ्यायची. ती उतरायला लागली ती मुंगीच्या पावलाने. त्यात नळाला पाणी यायचा दिवस, सगळ्या बिल्डिंगीत मोटारी चालू, आणि दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर कुईं कुईं करायला लागला तेव्हा सिस्टरांनी घरातले पंखे बंद केले, फ्रिज बंद केला. आम्ही घामाने निथळत पडद्यावर सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडे बघत बसलो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक बसतात तसे. माझी बायको चहा घेऊन आली आणि काही न विचारता तीही बसली.

लाइट आली. पट्टी भरली. येमूलने जुनेच मॉड एकेक करून घातले, प्रत्येकानंतर गेम चालू करून पाहिला. शेवटी सिस्टरांना खुर्ची दिली. त्यांनी सेव्ह उघडलं. काही क्षण अंधार, मग कंदील दिसले, बर्फ दिसला, गल्ली दिसली.

बाहेर संध्याकाळ झाली होती, आणि आम्ही तिथे आहोत हे बहुधा सिस्टर विसरल्या.

त्या धर्मशाळेत शिरल्या. पहिल्या पलंगापाशी थांबल्या. तिथे एक म्हातारी होती. गेममधली माणसं ठरलेली एकदोन वाक्यंच बोलतात. म्हातारी इंग्रजीत म्हणाली, आज वारा फार आहे. सिस्टर म्हणाल्या, "व्हय की आजी. पांघरूण घ्या." आणि पांघरूण दिलं. दुसऱ्या पलंगावर एक लोहार. त्याला सूप दिलं. तिसऱ्यापाशी नुसत्या थांबल्या. असं शेवटच्या पलंगापर्यंत. कुठेही घाई नाही.

मालिका वगैरे काही नव्हती. सिस्टर रोज या वेळेला राउंड घेत होत्या.

राउंड संपल्यावर त्यांना आमची आठवण झाली. वळून, जरा ओशाळून म्हणाल्या, "नोकरीभर या वेळेला वॉर्डात असायचे. रिटायर झाले तरी पाय आपोआप उठायचे. उठून जायचं कुठं, ते समजत नव्हतं."

माझी बायको पटकन म्हणाली, "सिस्टर, वर आमच्याकडं या की. यांच्या पायाची बोटं सुजलेली असतात, मला काही कळत नाही."

"बघू," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर बेल वाजली. दारात सिस्टर, हातात बी.पी.चं मशीन. "गावात सगळे बरे आहेत," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जरा वर बघून यावं." त्यांनी माझ्या पायाची बोटं दाबून पाहिली, रात्री पायाखाली उशी घ्यायला सांगितली, बायकोचं बी.पी. घेतलं. मग येमूलच्या आईला बघायला वर गेल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज सावकाश वर जाताना ऐकू येत होता.

त्याच्या पुढच्या दिवशी बायको चार वाजल्यापासून घर आवरत होती. मी म्हटलं, "अगं, सिस्टर दिवे लागल्यावर येतात." ती म्हणाली, "माहितंय मला." आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात सिस्टर. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.