मागच्या दोन खोल्या

राजवाडा फार जुना झाला होता, हा प्रशासनाच्या मते गंभीर दोष होता. पर्यटकांचीही तक्रार तीच: इमारत छान, पण घरच्यासारखं वाटत नाही. म्हणून आतली सजावट आधुनिक करण्यासाठी समिती बसली. समिती एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही.

राजवाड्याचे व्यवस्थापक बायको आणि सासूबाईंसह मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत राहत. या धामधुमीत डोक्यावरचं छप्पर जाऊ नये, एवढीच त्यांना धास्ती.

"तुम्ही नुसती मान डोलवा," बायकोने बजावलं. "पुढे काय गोंधळ घालायचा तो घालू देत. मागे फिरकायला नकोत."

व्यवस्थापकांनी मान डोलवली. दरबाराचं रंगवलेलं छत फॉल्स सीलिंगने झाकलं गेलं आणि कोणाला हळहळ वाटू नये म्हणून फॉल्स सीलिंगवर त्याच छताचा फोटो छापला गेला. नक्षीदार खांबांना गुळगुळीत पांढरे पत्रे बसले. सिंहासन पाठीला टोचतं, म्हणून त्या जागी करड्या रंगाचा सोफा आला.

"आणि मागच्या खोल्या?" सजावटकार बाईंनी विचारलं.

व्यवस्थापक घाईघाईने म्हणाले, "त्या राजवाड्यात मोडतच नाहीत हो. तिथे बघण्यासारखं काय आहे? काळवंडलेल्या भिंती, वाकलेली तुळई, सासूबाई."

"मग राहू द्या."

त्या दिवशी बायकोने त्यांना न मागता दुसऱ्यांदा चहा दिला.

उद्घाटन झालं. पर्यटक सोफ्यावर टेकले. एक आजोबा बराच वेळ इकडेतिकडे पाहून म्हणाले, "आमच्या दातांच्या डॉक्टरकडे अगदी असंच आहे. राजवाडा कुठाय?"

राजवाड्याचा शोध घ्यायला उपसमिती नेमली गेली. तिला तो मागच्या अंगाला सापडला.

"मूळ भिंती! मूळ तुळई!" उपसमितीचे अध्यक्ष भिंतीवरून हात फिरवत म्हणाले. "हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत?"

"जतन केलं," व्यवस्थापक चाचरत म्हणाले आणि तिथेच फसले. त्यांचा शाल देऊन सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी पर्यटकांच्या सोयीसाठी घराचं दार काढलं गेलं आणि आत दोरी लागली. कुटुंबाला हलवायचा मात्र प्रश्नच नव्हता. माणसं राहत असल्याने वास्तू अधिक अस्सल वाटते, असं समितीचं मत पडलं. सासूबाईंच्या खाटेला 'स्पर्श करू नये' अशी पाटी लागली. सासूबाई खूश झाल्या. जावयाने त्यांचा इतका मान कधी ठेवला नव्हता.

बायकोचे मात्र हाल झाले. नवऱ्याशी भांडायचं तर दरबारात जावं लागे, कारण तिथे आता कोणी फिरकत नसे. करड्या सोफ्यावर बसून एकदा ती म्हणाली, "रडावंसं वाटतं हो. पण घरी रडले तर फोटो काढतात."

व्यवस्थापकांनी मान डोलवली. सवयच लागली होती.

खोटं वाटत असेल तर तुमच्या सहलीचे फोटो उघडून बघा. काळवंडलेल्या भिंतीपुढे तुम्ही हसत उभे आहात ना? कडेला अर्धा खांदा आणि बांगड्यांचा हात दिसतो, तो तिचा. तुम्हीच तिला म्हणाला होतात, "बाई, जरा बाजूला व्हा, राजवाडा दिसत नाही."