रहिमतपूरला मुलगी बघायला

शालूबाईंच्या थोरल्या बहिणीला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने नेलं, तरी शालूबाई तपासणीचं नाव काढू देत नव्हत्या. गावात शिबिर झालं होतं. पण ग्रामपंचायतीत, आणि समोरच्या पारावर पुरुषमंडळी ठाण मांडून. त्यांच्यादेखत आत जायचं म्हणजे गावभर बोभाटा! शेवटी सून क्रांतीने रहिमतपूरच्या दवाखान्यातली बाई डॉक्टर शोधली. शालूबाई कशाबशा तयार झाल्या. पण कुणाला कळता कामा नये, नवऱ्याला तर मुळीच नाही.

"तुज्या मामंजींस्नी सांग, धाकट्या ऋषिराजला पोरगी बघाया चाललोय."

निवृत्त सुभेदार गुंडाबापूंनी ऐकलं मात्र, ते ताडकन उठले. "पोरगी बघाया दोघीच? चार बायका तरी पायजेत!" त्यांनी जीप सांगितली, शालूबाईंच्या जाऊ लीलाबाईंना सांगितलं, शेजारच्या रंगुबाईंनाही सांगितलं. दोघी ठेवणीतली लुगडी नेसून, नारळ आणि ओटीचं सामान घेऊन हजर.

"पोरगी शिकल्याली हाय का?" जीप सुटताच रंगुबाईंनी सुरुवात केली.

"लय," क्रांती म्हणाली.

"सैपाक?"

"येतो."

"आन् उंची?"

"अगं, जरा दम धर की!" शालूबाई कळवळल्या.

जीप दवाखान्यापुढे थांबली.

"पोरगी नर्स हाय व्हय?" रंगुबाईंनी विचारलं.

शालूबाईंचे डोळे भरले. "पोरगी न्हाई रंगू. मलाच तपासायचं हाय. अक्कावानी व्हईल म्हून लय भ्या वाटतंय."

मग रंगुबाईंनी ओटीची पिशवी सीटखाली सारली. "आदी सांगायचं न्हाई? शिबिराला मी दोनदा पारापतोर जाऊन मागारी आले."

"मी तीनदा," लीलाबाई हळूच म्हणाल्या.

चौघीही आत गेल्या. तिघींच्या तपासणीत काही निघालं नाही. शालूबाईंच्या गर्भपिशवीच्या तोंडावर मात्र लहानसा डाग निघाला. डॉक्टरबाईंनी त्यावर तिथल्या तिथे उपचार केले. "वेळेत आलात. आणखी काही वर्षांनी अवघड झालं असतं," त्या म्हणाल्या. शालूबाईंनी त्यांचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

संध्याकाळी चहाचा कप घेताना गुंडाबापूंनी आवाज खाली आणला. "डॉक्टर काय म्हनल्या?"

शालूबाईंनी हातातली किटली खाली ठेवली. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? पोरगी कुनाची म्हून इचारलं, तर तू मान्यांची म्हनालीस आन् क्रांती भोसल्यांची. आन् शिबिर झाल्यापास्नं रातच्याला झोपंत अक्काला हाका मारतीस, तवाच वळाकलं दवाखान्यात चाललाय."

"मग गप का बसला?"

बापूंनी चहाचा घोट घेतला. "एकटी गेली असतीस तर दारातनं मागारी आली असतीस. रंगुबाई संगं असल्यावर मागारी कोन येतंय?"